नांगर

वाल्पराइसोत घर म्हणजे पायऱ्या.
एदेल्मिराच्या दारापर्यंत दोनशे अकरा.
मोजायला कुणी सांगितलं नव्हतं;
एकशे चाळिसाव्या पायरीवर पट्टे
हाडाशी बोलू लागतात, म्हणून मोज लागली.

बाई शिवणकाम करते.
लग्नाचे झगे, शाळेचे गणवेश,
एकदा तर एका पाद्र्याचा अंगरखा.
अख्ख्या टेकडीवर कुणाची छाती किती
तिला तोंडपाठ. स्वतःचं माप मात्र
टेपची कोरी बाजू वर धरून घेते.

तेराव्या वर्षी फळ्याकडे जायचं बंद केलं.
गणित येत होतं.
त्या वर्षाबद्दल एवढंच सांगते.

आता चौतीस. दोन्ही खांद्यांवर खाचा,
बोट ठेवलं तर बोट बसतं.
उन्हाळ्यात घडीखालची कातडी सोलवटते,
ती तिथे मक्याचं पीठ भुरभुरते,
जसं काही कुणी लाटायलाच घेणार आहे.

डॉक्टर रीटमन म्हणाल्या, बसा. आधी ऐका.
कोणता कप मिळेल ते मी लिहून देणार नाही,
दुकानागणिक कप बदलतो.
सिगारेट आजपासून बंद;
धुराने सुकलेल्या कातडीला टाके धरवत नाहीत.
स्तनाग्राची जाण जाईल कदाचित,
काहींची महिन्यांनी परत येते,
काहींची येत नाही.
पुढे मूल हवंय? दूध पाजता येईलच
असं मी म्हणणार नाही.
काढलेलं सगळं तपासायला जातं.
त्या आठवड्यात फोन वाजला की दचकाल.

एदेल्मिराने एकच विचारलं:
शिवण कुठून कुठे?

डॉक्टरांनी हवेत बोट फिरवलं.
आधी गोल, मग सरळ खाली,
मग घडीच्या आडोशाने आडवी.
नांगर, ती म्हणाली, बंदरात टाकतात तसा.
हो, आम्हीही तेच म्हणतो.

तिच्या भाषेत तो फक्त जहाजाचा.
माझ्या मराठीत तोच जमीनही उघडतो,
आणि हे लिहिताना
मला दोन्ही दिसत राहतात.

आई म्हणाली, याच अंगावर तुम्हा दोघांना वाढवलं,
कधी कुरकुरले का?
मग भांडी घासता घासता, पाठमोरीच,
माझीही पाठ दुखायची.
आणि नळ मोठा सोडला.

बेकरीतली नेलिदा, दोन वर्षांपूर्वी करून आलेली,
पिठाच्या पोत्यांमागे नेऊन बटणं काढते.
हे बघ. वर्षभर लाल होतं, मग गुलाबी,
आता नुसती रेघ.
डावा जरा मोठा राहिलाय, कोण मोजतंय?
पहिले काही आठवडे हात वर जात नाहीत,
केस कोण धुणार ते आधीच ठरव.
आणि चौथ्या दिवशी रडू येतं.
मला आलं. कशाचं ते विचारू नकोस,
पाठ तर दुखत नव्हती.

रात्री रामिरो विचारतो,
माझ्यासाठी नाही ना करत?
नाही.
मग मला नको वाटलं तर सांगू शकतो?
सांगू शकतोस.
तो सांगत नाही. बराच वेळ छताकडे बघतो.
खाली कुठलं तरी जहाज भोंगा देतं.
केस मी धुवीन, म्हणतो.

सही अजून केलेली नाही.
कागद बटणांच्या डब्याखाली आहे,
तारखेची जागा कोरी.
पण आज शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर तिने
जपून ठेवलेली निळी सुती घेतली,
समोरून उघडणारा, डोक्यावरून न घालायचा,
असा एक सदरा बेतला.
छातीपाशी येऊन खडू थांबला.
वहीत माप नव्हतंच.
अंदाजाने कात्री चालवली,
आणि दोन्ही कडांना
नेहमीपेक्षा चार बोटं जास्त
माया ठेवली.